विषय: जंतनाशकावरचा खोटा दावा आणि तुमच्या ग्राहक सेवेचं उत्तर

प्रति,
व्यवस्थापक, तक्रार विभाग

आज सकाळी तुमच्याकडे चौथा फोन झाला. आता लिहूनच देतो.

तुमच्या कोंबड्यांच्या जंतनाशकाच्या बाटलीवर ठळक अक्षरात छापलंय, 'सर्व प्रकारच्या जंतांवर प्रभावी'. मागे मुंगीएवढ्या अक्षरात घटक एकच, पाइपराझिन. ते गोल जंतांवर चालतं, पट्टकृमींवर (पट्टीसारखे चपटे जंत) नाही. हे मी तुम्हाला सांगायचं?

माझ्या परसात 14 कोंबड्या आहेत. दोन गिरिराज, बाकी गावठी. पावसाळ्यात तुरे फिके पडले, अंडी कमी झाली, म्हणून तुमचं औषध आणलं. प्रमाण 1000 पक्ष्यांचं, त्रैराशिक मीच मांडलं. रात्री पाणी काढून घेतलं आणि सकाळी औषधाचं पाणी ठेवलं. तीन आठवड्यांनी पुन्हा तेच. त्यानंतर खुराड्याच्या फळीवरच्या ताज्या शिटेत भाताच्या शितांएवढे पांढरे तुकडे दिसले. वाकून बघितलं तर वळवळत होते. तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात डॉक्टरांनी शीट तपासली, बाटली उलटी करून वाचली आणि म्हणाले, हे पट्टकृमी, याने जायचेच नाहीत. मुंग्या, माश्या, किडे टिपणाऱ्या मोकळ्या कोंबड्यांना हे होतंच, म्हणाले.

आता आजचा फोन.

"फार्मचा कोड सांगा."
"फार्म नाही, परसातल्या कोंबड्या आहेत."
"किती बर्ड?"
"चौदा."

फोनवर हात ठेवून त्याने शेजारच्याला "चौदा!" असं सांगितलं. हात नीट ठेवला नव्हता, दोघांचं हसू मला ऐकू आलं. मग म्हणाला, "काका, एवढ्यासाठी कशाला त्रास? कापून खा, दुसऱ्या आणा."

मी विचारलं, औषध दिल्यावर किती दिवस थांबून कापायच्या ते तरी सांगा. गप्प. मग, "बाटलीवर बघा." बाटलीवर असतं तर मी चार फोन कशाला केले असते? अंडी किती दिवस खायची नाहीत, हेही चारही वेळा विचारलं. तेही बाटलीवर नाही. औषधानंतरची अंडी मी खड्ड्यात टाकली, घरात लहान नात आहे म्हणून.

वडील म्हशींना तुमचंच औषध द्यायचे. दुकानदार दुसरं काढायला लागला तेव्हा मीच तुमचं मागून घेतलं. चांगली अद्दल घडली.

दोन बाटल्यांचे पैसे परत करा. ते 'सर्व प्रकारच्या' खोडा, आणि अंडी-मांसासाठी किती दिवस थांबायचं ते छापा. 15 दिवसांत लेखी उत्तर आलं नाही तर अन्न व औषध प्रशासनाकडे अर्ज जाईल आणि जिल्हा ग्राहक आयोगातही. 2019च्या ग्राहक संरक्षण कायद्याने तक्रार माझ्याच जिल्ह्यात करता येते, म्हणजे तारखांना खेटे तुम्ही घालायचे. आणि तुमचे कॉल 'गुणवत्तेसाठी' रेकॉर्ड होतात म्हणे. आजचा ऐका.

एक ग्राहक

सोबत: दोन्ही बिलं, बाटलीच्या दोन्ही बाजूंचे फोटो, दवाखान्याचा केसपेपर.