रविवारी रत्नागिरी : मिरकरवाडा बंदर

मुलांनो, फोटो काढायला जायचंय; शनिवारी रात्री 11 ला सांगली स्टँडजवळ जमायचं. गाडी आंबा घाटातून जाईल, स्वेटर घ्या. उजाडायच्या आत पोचायलाच हवं. आपला किनारा पश्चिमेचा; सकाळचं ऊन पाठीमागून, डोंगराकडून येतं आणि होड्यांचे रंग तेव्हाच खरे उतरतात. संध्याकाळी सूर्य समोर, माणसं नुसती काळी दिसतात.

मोबाइल असला तरी चालेल. खाऱ्या वाऱ्याने लेन्स चिकट होते, पण शर्टाच्या टोकाने पुसू नका. वाळूचा एक कण पुरतो ओरखड्याला. आधी ब्लोअर (हवा मारून धूळ उडवायचा रबरी फुगा), मग मऊ कापड.

जाळं सांधणाऱ्या काकांना विचारल्याशिवाय फोटो नाही. ते नको म्हणाले तर कॅमेरा खाली. गेल्या खेपेचे प्रिंट काढलेत, ते त्यांच्या हातात द्यायचेत.