मालवणच्या मित्रास: कायाक घरी बांधण्याविषयी

ॲनापोलिस, मेरीलंड

प्रिय दिगू,

तुझं पत्र मिळालं. मी किट आणून घरी बांधलेल्या कायाकचा, म्हणजे वल्ह्याने चालवायच्या अरुंद, लांबट होडीचा, फोटो काकींनी शेजारीपाजारी दाखवला, हे वाचून फार बरं वाटलं. पण तुझा प्रश्न काही डोक्यातून जाईना. सगळे तुकडे जर कारखान्यात कापून आले, तर ही होडी तू बांधलीस असं कसं म्हणायचं? फोनवर दोन वाक्यांत उत्तर देता आलं असतं, पण ते मला नीट द्यायचंय.

किटच्या खोक्यातून काय येतं ते आधी ऐक. ओकूमेच्या प्लायवूडच्या ४ मिलिमीटर जाडीच्या पट्ट्या. ओकूमे हे मुख्यतः गॅबॉनकडचं झाड, लाकूड हलकं आणि गुलाबीसर. प्लायचा ताव ८ फुटी आणि कायाक १७ फुटी, त्यामुळे प्रत्येक पट्टी तुकड्यांत येते आणि ती आधी सांधावी लागते. सोबत तांब्याची तार, इपॉक्सी (राळ आणि हार्डनर असे दोन द्रव कालवून कडक होणारा डिंक), फायबरग्लासचं, म्हणजे काचेच्या धाग्यांचं, कापड. जमिनीवर पसरलेल्या त्या सपाट पट्ट्यांत होडी कुठेच दिसत नाही. मी कितीतरी वेळ नुसता बघत उभा होतो.

मग शिवण सुरू होते. पट्ट्यांच्या कडेने बारीक भोकं पाडायची, दोन पट्ट्या शेजारी धरून तार ओवायची आणि पिळायची. गंमत अशी की शेजारशेजारच्या दोन कडांची वळणं सारखी नसतात. त्या एकमेकींना भिडवायला गेलं की सपाट प्लायला वाकण्यावाचून गत्यंतर उरत नाही. आधी सगळे टाके सैल ठेवायचे, मग पक्कड घेऊन एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत प्रत्येकाला थोडा थोडा पीळ द्यायचा. त्या फेऱ्यांमध्ये, तुझ्या हाताखाली, पोट फुगतं, टोकं वर उचलतात. दिगू, हा तासभर मी कोणालाही विकत देणार नाही.

आणि तुझ्या प्रश्नाचं उत्तर इथेच आहे. तारा आवळून झाल्या तरी होडी सरळ आहे की तिच्यात पीळ पडलाय, हे किट सांगत नाही. पुढे आणि मागे एकेक सरळ पट्टी आडवी ठेवायची, एका टोकाला गुडघ्यावर बसायचं, एक डोळा मिटायचा आणि दोन्ही पट्ट्या समांतर दिसतात का ते बघायचं. नसतील तर टाके सैल करून पुन्हा. तुमच्याकडचे जुने सुतार फळीवरून जशी नजर टाकायचे तशीच. एकदा इपॉक्सी बसलं की पीळ कायमचा, आणि मग ती होडी जन्मभर एका बाजूला ओढत राहते. यंत्राने कापलेले तेच तुकडे दोघांना दिले तर एकाची होडी सरळ जाईल, दुसऱ्याची नाही. मग बांधली कोणी?

ही पद्धत फार जुनी नाही. १९६३ मध्ये इंग्लंडमध्ये ‘डेली मिरर’ वर्तमानपत्राने मिरर नावाची छोटी शिडाची होडी बाजारात आणली. आराखडा जॅक होल्ट आणि बॅरी बकनेल यांचा. बकनेल टीव्हीवर लोकांना घरची दुरुस्ती शिकवायचे. प्लाय, तांब्याची तार, फायबरग्लासची पट्टी; ज्याच्या घरी साधी हत्यारं आहेत त्याला जमावं हा सगळा हेतू. अशा ७० हजारांवर होड्या झाल्या. नाव बांधणं ही कारखान्याची किंवा श्रीमंताची मिरास नाही, हे एका वर्तमानपत्राने दाखवून द्यावं याचा मला मनापासून आदर वाटतो.

शिवलेल्या होडीचं कौतुक तुला काय सांगायचं म्हणा! तुमच्या किनाऱ्यावरच्या रापणीच्या, म्हणजे काठावरून ओढायच्या मोठ्या जाळ्याच्या, होड्यांच्या फळ्या काथ्यानेच शिवलेल्या असत. अजिंठ्याच्या चित्रातल्या जहाजावरून गोव्यात शिवून बांधलेलं ‘कौंडिण्य’ हे शिडाचं जहाज नौदलाने मे २०२५ मध्ये कारवारला दाखल करून घेतलं, ते तू वाचलं असशीलच. फरक एवढाच की तिथे टाका शेवटपर्यंत होडीला धरून ठेवतो. इथे टाक्यांच्या मधल्या जागी इपॉक्सीचे ठिपके देऊन ते कडक झाले की तारा काढून टाकतात. मग लाकडाची बारीक पिठी कालवून श्रीखंडाइतकं घट्ट केलेलं इपॉक्सी आतल्या सांध्यांत गोलसर भरायचं आणि वरून कापड. कोरडं पांढरं कापड इपॉक्सी पिऊन पारदर्शक होतं आणि खालच्या लाकडाचे रेषे उजळून वर येतात. जोर त्या सांध्यात असतो, म्हणून १७ फुटांची होडी साधारण २० किलोंत बसते आणि मी एकटा ती खांद्यावर टाकून पाण्यापर्यंत नेतो.

आता तू बांधायची म्हणतोस, तर मालवणसाठी काही गोष्टी आत्ताच सांगून ठेवतो. पावसाळ्यात इपॉक्सीला हात लावू नकोस. दमट हवेत त्याच्यावर मेणचट थर येतो. तो पाण्याने घासून धुतल्याशिवाय पुढचा हात चिकटत नाही. डिसेंबर ते फेब्रुवारी हे तुझे महिने. तरीही तिथली ऊब इथल्यापेक्षा जास्त, म्हणून हार्डनर सावकाश जमणारा घे आणि एका वेळी थोडंच कालव. भांड्यात जास्त राहिलं तर ते स्वतःच्याच उष्णतेने तापतं, धूर निघतो. लवकर सुकावं म्हणून हार्डनर वाढवायचा नाही, प्रमाण म्हणजे प्रमाण. उघड्या लाकडाला पहिला हात संध्याकाळी दे, ऊन उतरताना. सकाळी लाकूड तापत जातं, आतली हवा फुगते आणि बुडबुडे वर येतात.

किट परदेशातून मागवणं महाग पडेल. नुसते आराखडेही मिळतात. ते घेऊन पट्ट्या तिथेच काप. आपल्याकडच्या मरीन प्लायवर, म्हणजे पाण्यात टिकणाऱ्या प्लायवर, आयएस ७१० असा भारतीय मानकाचा शिक्का असतो, तो बघून घे. पण पातळ ताव सहज मिळतीलच असं नाही आणि आपला प्लाय ओकूमेपेक्षा जड, होडीचं वजन थोडं वाढेल. ते चालेल. हातमोजे मात्र पहिल्या दिवसापासून घाल. इपॉक्सीची ॲलर्जी एकदा अंगात भरली की जात नाही. घासकामाला चांगला मास्क हवा, आणि घासकाम पुष्कळ आहे. शेवटी अतिनील किरणं अडवणारं वार्निश हवंच, कारण इपॉक्सीला ऊन सोसत नाही, आणि तुमच्या उन्हात तर नाहीच.

पुढच्या-मागच्या आडभिंती गाळू नकोस. टोकांचे दोन कप्पे पाणबंद असले तर उलटली तरी होडी तरंगते आणि तिला धरून राहता येतं. खाडीत काय, भरतीच्या तोंडावर कोणालाही उलटायला होतं. लाइफ जॅकेटबद्दल काकींचं ऐकत जा.

इथे सेव्हर्न नदीवर भरती-ओहोटी जेमतेम फूटभराची, पाणी शांत. उन्हाळ्यात जेलीफिश तेवढे असतात. मी सकाळी लवकर निघतो. वल्हं पडलं की पातळ लाकडातून पाण्याची चाल मांड्यांना कळते.

ग्रीनलंडचे इन्यूट लोक कायाक बांधताना माप स्वतःच्या शरीरावरून घेत. कोणाची होडी कोणाला, असं नसायचं. म्हणून मला तुझी मापं पाठव: वजन, उंची, बसल्यावर कमरेची रुंदी आणि बुटाचा नंबर. बुटाचा विसरू नकोस, पुढच्या डेकची उंची त्यावर ठरते. ती आली की कुठला आराखडा घ्यायचा ते कळवतो. जानेवारीत तीन आठवडे रजा काढतोय. पडवीत १७ फूट लांब जागा मोकळी होईल का, ते काकांना विचारून ठेव.

तुझा,
नंदू