उपकार मानणे, चूक मानणे

प्रिय बाळा,

प्रभूच्या नावात आशीर्वाद.

कापणीच्या सणाला तरुणांच्या सभेत उपदेश तुझ्याकडे आहे आणि तू बायबलमधलं स्तोत्र 50 घेणार आहेस, हे कळलं. फार बरं वाटलं. पण सणासाठी हे स्तोत्र सोपं नाही. बहुतेक वेळा 14वं, 15वं आणि शेवटचं 23वं वचन वाचलं जातं. पुढ्यात भाताच्या लोंब्या, नारळ, केळीचे घड मांडलेले असतात, त्यांच्याशी 'उपकारस्तुतीचा यज्ञ' हे शब्द छान जुळतात. मग 16 ते 22 ही सात वचनं गाळली जातात. तू गाळू नकोस. ती काढली तर 14व्या वचनाचा अर्थच हातातून निसटतो.

आधी मांडणी बघ. पहिल्या 6 वचनांत न्यायसभा भरते. आकाश आणि पृथ्वी साक्षीला बोलावली जातात. बायबलमधल्या 'अनुवाद' या पुस्तकाच्या 30व्या अध्यायात मोशेनेही हेच साक्षीदार उभे केले होते, म्हणजे खटला जुन्या कराराचाच आहे. आरोपी कोण, ते 5व्या वचनात आहे: यज्ञ करून देवाशी करार केलेले त्याचे भक्त. बाबेल नाही, पलिष्टी नाहीत, म्हणजे बाहेरचे शत्रू नाहीत. मंदिरात रोज येणारी माणसं. आपल्या कोकणात माणूस देवापुढे गाऱ्हाणं घालतो. या स्तोत्रात देव आपल्या माणसांपुढे गाऱ्हाणं घालतो. 6व्या वचनाशेवटी 'सेला' आहे, थांबण्याची खूण मानला जाणारा शब्द, तिथे खरंच थांब. मनात सावकाश दहा अंक मोज आणि मगच पुढे जा.

7 ते 15 मध्ये चूक कशी होते, ते नीट समजून घे. अर्पणं कमी पडली अशी तक्रार नाही. 8वं वचन उलट सांगतं की होमबली, म्हणजे वेदीवर जाळायची अर्पणं, नित्य समोर आहेत. बिघाड समजुतीत आहे. लोकांना वाटतं, आपण देवाला काही देतो आणि त्याची गरज भागते. त्यावर तो म्हणतो, रानातलं प्रत्येक जनावर माझं, हजार डोंगरांवरची गुरं माझी. मला भूक लागली तरी तुला सांगणार नाही. हे शेवटचं वाक्य आवाज न चढवता वाच. त्यात राग कमी आहे, दुःख जास्त आहे.

मग तो मागतो काय? उपकारस्तुती. तिला इब्री शब्द आहे 'तोदा', आणि ती नुसती तोंडाची प्रार्थना नव्हती. लेवीय या पुस्तकात 7:12 पासून तिची कृती दिली आहे: शांत्यर्पणाचं, म्हणजे ज्याचं मांस अर्पण करणाराही खातो त्या अर्पणाचं जनावर, सोबत तेलात मळलेल्या बेखमीर (न आंबवलेल्या) पोळ्या, तेल लावलेल्या बेखमीर चपात्या, तेलात मळलेल्या सपिठाच्या पोळ्या आणि खमिराच्या भाकरी. प्रत्येकातलं एक-एक याजकाला. आपल्या घरच्या भाषेत घावन बेखमीर, आंबोळी खमिराची. दोन्ही एकाच ताटात. नियम कडक होता: मांस त्याच दिवशी संपवायचं, सकाळपर्यंत काही ठेवायचं नाही. नवसाचं किंवा खुशीचं शांत्यर्पण दुसऱ्या दिवशी खाल्लेलं चाले, तोदाचं चालत नसे. एक अख्खं जनावर एका घराला एका दिवसात संपत नाही, म्हणून माणसं बोलवावीच लागत. स्तोत्र 22:25–26 मध्ये नवस फेडणाऱ्याच्या पाठोपाठ दीन जेवून तृप्त होतात, ते याच चालीचं दिसतं. बर्फाविना ठेवलेला सकाळचा बांगडा संध्याकाळी कसा होतो, ते तुला माहीत आहे: डोळा आत बसतो, कल्ल्याचा लाल रंग तपकिरी होतो, पोट मऊ पडून फुटतं. साठवून ठेवलेल्या उपकारस्तुतीचं असंच होतं. उपकार आठवला त्याच दिवशी त्यात दुसऱ्याला वाटा दिला नाही, की त्याचा अभिमान होतो.

आता मुख्य गोष्ट. 'तोदा' याच शब्दाचा दुसरा अर्थ कबुली असा आहे. यहोशवा 7:19 मध्ये इस्राएलाचा पुढारी यहोशवा, मनाई असलेली लूट लपवणाऱ्या आखानाला 'देवाला तोदा दे' म्हणतो, आणि आखान काय करतो? यादी देतो: शिनारचा एक सुंदर झगा, 200 शेकेल (तेव्हाचं वजनाचं माप) चांदी, 50 शेकेल वजनाची सोन्याची एक वीट, आणि हे सगळं तंबूत जमिनीखाली पुरलं आहे, चांदी तळाशी. वस्तू, वजन, जागा, सगळं सांगतो. फक्त हे तो उशिरा बोलतो. गुन्हेगार शोधताना वंश, कुळ, घराणं करत चिठ्ठी त्याच्या नावापर्यंत आल्यावर. मराठीतही हे नातं आहे, आपलं लक्ष जात नाही इतकंच. आपण उपकार 'मानतो' आणि चूकही 'मान्य' करतो. दोन्हीकडे कबुली एकच आहे: हे माझं नव्हतं. मिळालेलं दान माझ्या कमाईचं नव्हतं, आणि लपवलेला झगा माझ्या मालकीचा नव्हता. सभेत दुसरं काही सांगायला वेळ उरला नाही तरी एवढं सांगच.

म्हणून 16 ते 22 लागतात. 'दुष्ट' हा शब्द आला की ऐकणारा लगेच बाहेरचं कोणीतरी धरतो. पण 16व्या वचनातला दुष्ट देवाचे नियम पाठ म्हणतो आणि कराराचं नाव तोंडात घेतो. तो आपल्याच बाकावर बसलेला आहे. त्याच्यावर चोरी, व्यभिचार आणि खोटी साक्ष असे दहा आज्ञांतले तीन दोष आहेत; मात्र 18वं वचन बारकाईनं बघ. त्यात तो स्वतः चोरी करत नाही, चोर दिसला की त्याला सामील होतो. तुझ्या आंब्याच्या धंद्यातलं उदाहरण घे. पेटीत वरच्या थराला मोठं फळ आणि तळाच्या पेंढ्यात बारकं, ही उघड लबाडी. पण परराज्यातलं फळ 'देवगड हापूस' म्हणून खपवणाऱ्याला आपल्या छापील रिकाम्या पेट्या देणारा 18व्या वचनात बसतो. फळाला त्याने हात लावलेला नसतो. 2018 साली हापूसला भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हापासून पेटीवरचं नाव म्हणजे साक्षच आहे, आणि खोट्या साक्षीचं 19वं वचन लगेच पुढे उभं आहे.

21व्या वचनातल्या मौनाचा अर्थ लोक चुकीचा लावतात. तू हे केलंस, मी उगा राहिलो, म्हणून तुला वाटलं मीही तुझ्यासारखाच, असं देव म्हणतो. शिक्षा झाली नाही म्हणजे देवाला चालतं, असा तो समज. त्यानंतरचं क्रियापद 'ओळीनं मांडणे' या अर्थाचं आहे. वेदीवर लाकडं रचायला आणि न्यायालयात बाजू मांडायलाही इब्रीत तेच वापरतात. बाजारात कोळीण फळीवर मासे ओळीनं लावते आणि मागितलं तर कल्ला उघडून दाखवते, तसं देव सगळं तुझ्या डोळ्यांसमोर मांडीन म्हणतो. आणि बघ, निकाल अजून लागलेला नाही. 22वं वचन 'ध्यानात घ्या' म्हणून इशारा देतं, 23वं तारणाची वाट दाखवतं. या मधल्या जागेतच पश्चात्ताप होतो. पुढचंच स्तोत्र 51 दाविदाच्या कबुलीचं आहे, हा क्रम मला फार मोलाचा वाटतो.

आता पश्चात्ताप प्रत्यक्षात कसा करायचा, ते. 'देवा, आम्ही पापी आहोत' एवढ्यावर थांबलं की काहीच हलत नाही, कारण त्यात ना वस्तू येते, ना माणसाचं नाव. लेवीयच्या 6व्या अध्यायात क्रम स्पष्ट आहे: मुद्दल पुरी परत, वर तिचा पाचवा हिस्सा, आणि तेही ज्याचं त्याच्याच हातात, दोषार्पणाचा मेंढा त्यानंतर. 1,500 रुपयांची खोट असेल तर 1,800 द्यायचे. येशूला भेटलेला जकातदार जक्कय याच्याही पुढे गेला: अर्धी मालमत्ता गरिबांना आणि ठकवलेल्यांना चौपट. निर्गम 22:1 प्रमाणे चौपट ही चोरलेलं मेंढरू मारून किंवा विकून टाकणाऱ्याची भरपाई होती. जक्कयानं स्वतःला त्याच रांगेत उभं केलं. इथे आणखी एक चूक होते. माणूस ज्याचं घेतलं त्याला सोडून ते पैसे दानपेटीत टाकतो, कारण दानपेटी त्याच्याकडे मान वर करून बघत नाही. मत्तय 5:23–24 मध्ये प्रभूने ही पळवाट बंद केली: अर्पण वेदीपुढेच ठेव, आधी भावाकडे जा.

त्या रविवारी प्रभुभोजन, म्हणजे येशूच्या आठवणीची भाकर आणि द्राक्षारस, असेल तर पौलाच्या पत्रातला 1 करिंथ 11 हा अध्याय जोडून घे. धरून देण्यात आलं त्या रात्री येशूने भाकर घेऊन उपकारस्तुती केली, आणि त्याच अध्यायात पौल म्हणतो, माणसाने स्वतःची परीक्षा करावी. आपणच आपला न्याय केला असता तर आपल्यावर न्याय आला नसता. उपकारस्तुती आणि न्याय एकाच मेजावर. हे समजावायला फार शब्द लागणार नाहीत, स्तोत्रच वाट करून देईल.

स्तोत्र पूर्ण वाच, 23 वचनांना चार-पाच मिनिटं लागतात. मग दोन मिनिटं शांतता ठेव, आणि प्रत्येकाला कागदावर एक वस्तू आणि एक नाव लिहायला सांग. कागद गोळा करू नकोस, ज्याचा त्याच्या खिशात राहू दे.

शेवटी सगळ्यांना खायला असू दे. आंबोळीसाठी तीन वाट्या तांदळाला एक वाटी उडीदडाळ आणि चमचाभर मेथी शनिवारी सकाळी भिजव, संध्याकाळी वाट. गारठा असेल तर पिठाचं भांडं चुलीजवळ ठेव, नाहीतर फुगणार नाही. घावनाचं पीठ ऐनवेळी कालवलं तरी चालतं. शेजारची जी घरं सभेला येत नाहीत, त्यांच्याकडेही त्याच दिवशी दे. उरवू नकोस.

तुझे
बाबा