लाभार्थी मोजले, गुण आला का, आणि कोणाला, ते कोण मोजणार?

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

महात्मा फुले जन आरोग्य योजनेची बातमी आपल्या जिल्हा पानावर अधूनमधून येते. इतक्या हजार रुग्णांना लाभ, इतके कोटी खर्च, शेजारी पुढाऱ्यांचा फोटो. मी निवृत्तीपर्यंत कॉलेजात संख्याशास्त्र शिकवले. आकडा दिसला की त्याला कशाने भागायचे ते शोधायची खोड अजून जात नाही. या बातम्यांत अंश असतो, छेद नसतो. ज्यांना शस्त्रक्रियेची गरज होती त्यांपैकी किती जणांची झाली, हे त्या कोटींवरून कळत नाही. झाली त्यांना गुण आला का, तेही कळत नाही. योजनेविरुद्ध माझे काही म्हणणे नाही. नात्यातल्या काही जणांची हृदयाची ऑपरेशने तिच्यामुळेच झाली. पण ती उपयोगी आहे आणि सगळ्यांपर्यंत सारखी पोचते असे छातीठोक सांगायचे, तर या दोन्ही गोष्टी मोजण्याच्या रीती उपलब्ध आहेत आणि त्यांतल्या बऱ्याच कोल्हापुरात वापरता येतील.

वाटपाचे आधी घेतो. आपले तालुके १२. समजा, कोल्हापूर शहर ज्यात येते त्या करवीरमध्ये दर हजारी जितक्या अँजिओप्लास्टी झाल्या तितक्याच गगनबावड्यातही झाल्या. वरवर पाहता वाटप समान. पण गगनबावडा, शाहूवाडी, आजरा, चंदगड या भागांतली कर्ती पोरे मुंबईला नाहीतर एमआयडीसीला गेलेली. गावात म्हातारी माणसे जास्त, आणि हृदयविकार तर उतारवयातच जास्त. म्हणजे तिथला दर करवीरपेक्षा चढा असायला हवा होता. समान दिसणारा आकडा तिथे मुळात कमी आहे. म्हणून वयाचा फरक काढून टाकून, सगळीकडची लोकसंख्या एकाच वयरचनेची धरून मग दरांची तुलना करतात. ही रीत बी.एस्सी.च्या पोरांनाही येते.

दुसरी रीत पैशाच्या अंगाने. सगळी कुटुंबे गरिबापासून श्रीमंतापर्यंत एका रांगेत लावायची आणि रांगेतल्या सर्वांत गरीब एक-पंचमांश कुटुंबांना सेवेचा किती वाटा मिळाला ते पाहायचे. ॲडम वॅगस्टाफ, एडी व्हॅन डोर्सलेर या अर्थशास्त्रज्ञांनी आरोग्यक्षेत्रात रुळवलेला निर्देशांक हेच काम करतो. तो उणे १ ते अधिक १ या दरम्यान असतो. उणे आला तर गरिबांकडे झुकते माप, अधिक आला तर श्रीमंतांकडे. आता रांग लावायला उत्पन्न खरे सांगणार कोण, ही अडचण आहेच. (उसाचे बिल खात्यात जमा झालेला माणूसही 'शेती परवडत नाही' म्हणतो, आणि ते खोटेही नसते.) राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी म्हणूनच उत्पन्नाच्या वाटेला न जाता घर, पाणी, गाडी, फ्रिज यांवरून क्रम लावते. इथे तर त्याहून सोपी सोय आहे. योजनेसाठी शिधापत्रिका लागते, म्हणजे तिचा रंग कागदोपत्री असणारच. आता कव्हर ५ लाखांचे झाले आहे आणि पिवळे, केशरी, पांढरे कोणतेही कार्ड चालते. मग प्रत्येक तालुक्यात पिवळ्या कार्डांचे प्रमाण किती आणि झालेल्या शस्त्रक्रियांत ती कार्डे किती, एवढे दोन रकाने शेजारी शेजारी छापायला काय हरकत आहे?

वेल्समधल्या खाणकामगारांच्या गावात डॉक्टरकी करणाऱ्या ज्युलियन ट्यूडर हार्ट यांनी १९७१ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात लिहिले होते, की जिथे गरज अधिक तिथेच चांगली सेवा मिळण्याची शक्यता कमी असते. मी राजारामपुरीत राहतो. चालत दहा मिनिटांच्या आत मला हाडांचे, डोळ्यांचे, हृदयाचे डॉक्टर आणि सोनोग्राफी सगळे मिळते. राधानगरीकडच्या एखाद्या धनगरवाड्यावरच्या म्हातारीला आधी डांबरी रस्त्यापर्यंत यावे लागते.

आणि या म्हातारीपाशीच खर्च मोजण्याची एक रूढ रीत फसते. आजारपणाने कुटुंब खचले का, हे ठरवायला घराच्या एकूण खर्चाच्या १० किंवा २५ टक्क्यांपेक्षा जास्त पैसा औषधपाण्यावर गेला का ते बघतात. शाश्वत विकास उद्दिष्टांतही हेच दोन उंबरठे घेतले होते. पण जी दवाखान्यात गेलीच नाही तिचा खर्च शून्य. दुखणे अंगावर काढले, घरातच गेली, तरी या मोजमापात ते कुटुंब सुखरूप. राष्ट्रीय आरोग्य लेख्यांनुसार देशाच्या एकूण आरोग्य खर्चात लोकांच्या खिशातून जाणारा वाटा २०१३-१४ मध्ये ६४.२ टक्के होता, तो २०२१-२२ मध्ये ३९.४ वर आला. चांगलेच आहे. पण हा आकडा वाचताना 'गेलेच नाहीत' असे किती, हे शेजारी असल्याशिवाय मला तरी टाळी वाजवता येत नाही.

जे गेले त्यांचेही सगळे मोजले जाते असे नाही. केंद्र सरकारच्या राष्ट्रीय नमुना पाहणीच्या ७५ व्या फेरीत (जुलै २०१७ ते जून २०१८) बाळंतपण सोडून एका भरतीचा सरासरी वैद्यकीय खर्च सरकारी रुग्णालयात ४,४५२ रुपये आणि खासगीत ३१,८४५ रुपये आला. यात वडाप, जीप, नातेवाइकाची खाणावळ धरलेली नाही. तो खर्च पाहणीत वेगळा लिहितात आणि बातमीत तो येत नाही. बुडालेला रोज तर बिलात कुठेच नसतो. घरची बाई आठवडाभर दवाखान्यात राहिली की म्हैस दुसऱ्याच्या हाताला पान्हा सोडत नाही आणि डेअरीला दूध कमी जाते. 'मोफत' उपचाराचा हा खर्च आमच्याकडच्या प्रत्येक घराला ठाऊक आहे. वरच्या सरासरीत मात्र तो धरलेला नाही.

आता गुण आल्याचे. आयुष्याची वर्षे किती वाढली याला ती कशी गेली याने गुणायचे, हे आरोग्याच्या अर्थशास्त्राचे मुख्य हत्यार. पूर्ण निरोगी वर्ष म्हणजे १, मृत्यू म्हणजे ०. मधल्या अवस्था मधे. इंग्लंडमधली नाइस ही, कोणती औषधे सरकारी आरोग्यसेवेत घ्यायची ते ठरवणारी संस्था १९९९ पासून औषधांचा हिशेब असा मांडते. अशा एका वर्षामागे २० ते ३० हजार पौंड ही त्यांची खर्चाची मर्यादा बरीच वर्षे होती. आपल्याकडेही केंद्राच्या आरोग्य संशोधन विभागाखाली हेल्थ टेक्नॉलॉजी असेसमेंट इन इंडिया ही यंत्रणा हे काम करते. अवस्थेचे माप काढायला पाच प्रश्न असतात: चालणे-फिरणे, स्वतःचे आवरणे, नेहमीची कामे, वेदना, चिंता. प्रत्येकाला पाच पायऱ्या, म्हणजे एकूण ३,१२५ अवस्था. कोणती अवस्था किती वाईट, हे भारतीयांच्या मते ठरवायला पाच राज्यांतल्या ३,५४८ लोकांना विचारले गेले. या दुखण्यात दहा वर्षे काढण्याऐवजी ठणठणीत जगायला मिळणार असेल तर किती वर्षे सोडाल, अशा धर्तीचा प्रश्न. ऐकायला क्रूर वाटतो, पण उत्तरे विचार करून येतात.

'नेहमीची कामे' या प्रश्नाशी मी जरा थांबतो. माझी चुलत बहीण राधानगरी तालुक्यात असते. तिने गुडघा बदलून घेतला. मला विचाराल तर माझी नेहमीची कामे म्हणजे पेपर वाचणे आणि संध्याकाळी रंकाळ्यावर एक फेरी. असा गुडघा मला मिळाला तर मी पैकीच्या पैकी मार्क देईन. तिचे म्हणणे, "दुखायचं थांबलं बघ दादा, पण म्हशीखाली बसता येत न्हाई." पंगतीला मांडी घालता येत नाही, भातलावणीला वाकून चालत नाही. तिने पाचांतली कोणती पायरी सांगायची? ऑपरेशन एकच, तरी माझ्या घरी त्याचे मोल वेगळे आणि तिच्या घरी वेगळे. ज्यांची रोजची कामे खाली बसून होतात त्यांना खाली बसता येते का, हे स्पष्ट शब्दांत विचारल्याशिवाय आपल्या ग्रामीण भागासाठी हे माप अपुरे राहणार.

तिच्या डिस्चार्जच्या दिवशीचा अभिप्रायाचा फॉर्म मी पाहिला. बहीण कॉटवर, पिशव्या भरलेल्या, खाली गाडीवाला हॉर्न देतोय. रुग्णालयातलीच एक मुलगी क्लिपबोर्ड घेऊन आली, सगळ्या प्रश्नांपुढे 'उत्तम'वर स्वतःच टिक केली आणि "मावशी, इथं सही" म्हणाली. सहीखेरीज त्या कागदावर बहिणीचे काहीही नव्हते. त्या मुलीला बोल लावत नाही. तिला दिवसाला तसले कितीतरी भरायचे असतील. पण जिथे पुन्हा तपासणीला यायचे आहे तिथल्याच माणसाने विचारले, तर कोण 'वाईट' म्हणेल? हा प्रश्न विचारायचा तर तीन महिन्यांनी, घरी जाऊन, तिऱ्हाइताने विचारायला हवा.

तिऱ्हाइताने विचारले तरी एक गोम उरते. अमर्त्य सेन यांनी २००२ मध्ये ती दाखवली होती: आयुर्मान सगळ्यांत जास्त असलेल्या केरळात लोक आजारी असल्याचे जास्त सांगतात आणि बिहारमध्ये कमी. दुखणे ओळखायलाही शिक्षण आणि डॉक्टरची सवय लागते. आमच्याकडे "काय न्हाई, बरं हाय" हे उत्तर किती जणी केवळ सवयीने देतात हे घरोघरी फिरणाऱ्या आशाताईंना विचारा. म्हणून विचारून मिळालेल्या उत्तराच्या जोडीला रक्तदाब, हिमोग्लोबिन, जखम भरली का, पुन्हा भरती व्हावे लागले का, अशी मोजून पाहिलेली नोंद हवी.

योजनेमुळेच फरक पडला का, हे सिद्ध करणे सर्वांत अवघड. पण आपल्या शेजारीच त्याचा धडा आहे. कर्नाटकाने वाजपेयी आरोग्यश्री योजना आधी उत्तरेकडच्या जिल्ह्यांत आणली, दक्षिणेकडे नंतर. संशोधकांनी त्या हद्दीच्या अलीकडची योजना असलेली आणि पलीकडची नसलेली मिळून ५७२ गावे घेतली. गावे शेजारशेजारची, माणसे सारखी, फरक फक्त योजनेचा. २०१४ मध्ये 'बीएमजे' या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या त्या अभ्यासात, ज्या आजारांवर योजनेत उपचार होते त्यांनी होणारे गरिबांचे मृत्यू योजनेच्या बाजूला बरेच कमी निघाले. आपली योजनाही (तेव्हाचे नाव राजीव गांधी जीवनदायी) जुलै २०१२ मध्ये आधी आठ जिल्ह्यांत सुरू झाली. सोलापूर त्यात होते, कोल्हापूर नव्हते. इथे ती नोव्हेंबर २०१३ मध्ये आली. तुलनेची ती आयती संधी होती. आता दुसरी आहे: २०२३ मध्ये महाराष्ट्राने सीमाभागातल्या ८६५ गावांना ही योजना लागू केली. त्या भागातले बरेच रुग्ण उपचाराला कोल्हापुरात येतात. यादीतले गाव आणि यादीबाहेरचे त्याच्या शेजारचे गाव, एवढी जोडी लावली तरी अभ्यासाला सुरुवात होईल.

सार्वजनिक आरोग्य विभागाला आणि जिल्हा प्रशासनाला माझी विनंती आहे की तालुका, वय, लिंग आणि कार्डाचा रंग यांनुसार शस्त्रक्रियांचे आकडे, रुग्णांची नावे वगळून, दरवर्षी जाहीर करावेत आणि घरी गेलेल्या रुग्णांपैकी थोड्यांचा का होईना, यादृच्छिक नमुना काढून पाठपुरावा करावा. शिवाजी विद्यापीठात संख्याशास्त्राचा विभाग आहे, शहरात शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. माणसे बाहेरून आणावी लागणार नाहीत. आपल्या वार्ताहरांनीही पुढची पत्रकार परिषद झाली की छेद विचारावा. आणि पाहणी झालीच तर ती साखर कारखान्यांचे गाळप चालू असताना व्हावी. मे महिन्यात काढली तर ऊसतोडणी मजुरांच्या खोपी मोकळ्या असतील आणि नमुन्यात त्यांचे एकही कुटुंब येणार नाही.

आपला,
एक निवृत्त प्राध्यापक
राजारामपुरी, कोल्हापूर