चांद्रयानाचा नको, ‘नाविक’चा हिशेब मागा

संपादक महोदय,

‘गरीब देशाने अवकाशावर पैसा का उधळावा?’ हा प्रश्न प्रत्येक चांद्रमोहिमेला हमखास निघतो. २०२५-२६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात अवकाश विभागाला सुमारे १३,४१६ कोटी रुपये होते. केंद्र शंभर रुपये खर्च करते, त्यातले साधारण २६ पैसे. चांद्रयान-३ ला सुमारे ६१५ कोटी लागले. हा खर्च थांबवून दारिद्र्य हटणार नाही. पैसा खरा अडकतो तो ‘नाविक’ या आपल्या दिशादर्शन यंत्रणेत, आणि तिकडे कुणी फिरकत नाही.

२००६ मध्ये १,४२० कोटींची मंजुरी मिळालेली ही सात उपग्रहांची योजना. जमिनीवरच्या यंत्राला अक्षांश, रेखांश, उंची आणि स्वतःच्या घड्याळातली चूक अशा चार गोष्टी काढायच्या असतात, म्हणून निदान चार उपग्रह दिसावे लागतात. उपग्रहाचा संदेश पोचायला लागलेल्या वेळेवरून अंतर काढतात, म्हणून सगळी भिस्त उपग्रहातल्या रुबिडियम अणुघड्याळावर; ते एक मायक्रोसेकंद (सेकंदाचा दहा लाखावा भाग) चुकले की अंतर ३०० मीटरने चुकते. एका उपग्रहात अशी तीन घड्याळे होती, तीही आयात केलेली. २०१३ मध्ये सोडलेल्या पहिल्याच उपग्रहातली तिन्ही बंद पडली. त्याच्या बदली ३१ ऑगस्ट २०१७ ला पाठवलेला उपग्रह हीट शील्ड (उड्डाणातले संरक्षक कवच) न सुटल्याने आतच अडकला. २०२३ चा, देशी घड्याळ असलेला ‘नाविक’चा उपग्रह एनव्हीएस-०१ मात्र नीट चालला. जानेवारी २०२५ मध्ये एनव्हीएस-०२ गेला. श्रीहरिकोट्याचे शंभरावे उड्डाण म्हणून कौतुक झाले. पण ऑक्सिडायझरच्या (इंधन जळायला ऑक्सिजन पुरवणाऱ्या द्रवाच्या) झडपा उघडल्याच नाहीत, त्यामुळे कक्षा उंचावता आली नाही. रॉकेट यशस्वी, उपग्रह निकामी!

जुलै २०२५ मध्ये संसदेत सरकारने सांगितले, की सोडलेल्या ११ पैकी स्थान-वेळ सांगण्याचे काम तेव्हा चारच करत होते. म्हणजे अगदी काठावर. एक बिघडला तर स्वतःच्या बळावर जागा काढता येणार नाही, पुन्हा परक्या जीपीएसकडे बघावे लागेल.

उपग्रहाचे आयुष्य दहा-बारा वर्षांचे धरतात. तेव्हा जुना थकण्याआधी बदली वर जायला हवा आणि एक राखीव जमिनीवर तयार हवा. या देखभालीसाठी अर्थसंकल्पात वेगळे लेखाशीर्ष द्यावे आणि प्रत्येक अपयशाचा चौकशी अहवाल लोकांसमोर ठेवावा. जुलै २०२५ च्या संसदेतल्या त्याच उत्तरात एनव्हीएस-०३ च्या उड्डाणासाठी २०२५ ची अखेर आणि पुढच्या दोन उपग्रहांसाठी सहा-सहा महिन्यांचे अंतर सांगितले होते. त्या वेळापत्रकाचे काय झाले, हे महाराष्ट्राच्या खासदारांनी सभागृहात विचारावे.

– एक वाचक, डोंबिवली