‘कंपोस्टेबल’ म्हणजे नेमके कुठे आणि किती दिवसांत?

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

गेल्या वर्षी एका मुंजीच्या जेवणात सरबतासाठी पारदर्शक पेले ठेवले होते. त्यांच्या तळाशी हिरव्या अक्षरांत ‘कंपोस्टेबल’ (म्हणजे कुजून खत होणारे) आणि ‘पीएलए’ असे छापलेले होते. रसायनशास्त्र शिकवण्यात उभे आयुष्य गेल्यामुळे मला राहवले नाही. दोन पेले घरी आणून मी ते गच्चीवरच्या ओल्या कचऱ्याच्या डब्यात पुरले. दहा महिन्यांनी खत चाळले, तेव्हा भाजीची देठे, निर्माल्य, चहाचा चोथा या साऱ्याची काळीभोर माती झालेली होती. पेले मात्र चाळणीत राहिले. थोडे धुरकट झाले होते इतकेच. तळावरची हिरवी अक्षरे अजून वाचता येत होती.

पेला बनवणाऱ्याने खोटे छापले, असे माझे म्हणणे नाही. पीएलए म्हणजे पॉलिलॅक्टिक आम्ल, एक पॉलिएस्टर, म्हणजे एस्टर नावाच्या बंधांनी जोडलेल्या रेणूंची लांबलचक साखळी. आपल्या साडीतले पॉलिएस्टर आणि पाण्याच्या बाटलीतले पेट त्याच कुळातले. पण त्यांच्या साखळीत बेंझिनची वलये असल्याने पाण्याला तिथले एस्टर बंध सहजी तोडता येत नाहीत. पीएलएचे बंध पाणी तोडते, साखळ्यांचे तुकडे होत जातात आणि ते पुरेसे लहान झाले, की सूक्ष्मजंतू ते खातात. मात्र हा पदार्थ ६० अंश सेल्सियसच्या आसपास मऊ पडतो आणि त्याखाली साखळ्या गोठल्यासारख्या असल्यामुळे हे सगळे काम फार संथ चालते. म्हणूनच कंपोस्टेबल प्लास्टिकसाठीच्या आयएसओ १७०८८ या आंतरराष्ट्रीय मानकाखालील नेहमीची चाचणी ५८ अंशांना घेतली जाते आणि १८० दिवसांच्या आत ९० टक्के कर्बाचा कार्बन डायऑक्साइड व्हावा, अशी तिची अट असते. मोठ्या खत प्रकल्पाच्या ढिगात तेवढी ऊब तयार होते. माझ्या डब्यात थर्मामीटर खुपसून पाहिला, तर भर एप्रिलमध्येही पारा ४२ अंशांपुढे गेला नाही.

ज्या ६० अंशांमुळे पेला माझ्या डब्यात कुजत नाही, त्याच ६० अंशांमुळे त्यात वाफाळता चहा ओतला की तो वाकतो. उष्णता सोसावी म्हणून त्याची स्फटिकता (साखळ्यांची घट्ट, शिस्तीतली मांडणी) वाढवली, तर कुजणे आणखी लांबते. दुसरा पर्याय पीएचबी. जीवाणू स्वतःच्या पेशीत साठवतात ते हे पॉलिएस्टर १९२६ मध्ये मॉरिस लेमोआन या फ्रेंच शास्त्रज्ञांनी ओळखले. ते साध्या मातीतही कुजते. पण ठिसूळ असते आणि वितळवताना तुटू लागते. भाजीच्या पातळ पिशव्यांसाठी म्हणून पीबीएटी हे लवचीक पॉलिएस्टर स्टार्चमध्ये किंवा पीएलएमध्ये मिसळतात. दुकानात मजबूत आणि खड्ड्यात दुबळा असा एकच पदार्थ घडवणे किती अवघड आहे, हे प्रयोगशाळेत काम केलेल्याला ठाऊक असते आणि त्या संशोधकांविषयी मला मनापासून आदर आहे.

शस्त्रक्रियेनंतर आपोआप विरघळणारे टाकेही पुष्कळदा याच कुळातल्या पॉलिग्लायकोलिक आम्लाचे असतात. ते किती आठवड्यांत विरतील, हे शल्यविशारद आधीच सांगू शकतो, कारण शरीर सदैव ओले आणि ३७ अंशांवर असते. कचऱ्याला असे ठरलेले ठिकाण नाही. तोच पेला खत प्रकल्पात, नाल्यात, क्षेपणभूमीवर किंवा गच्चीवरच्या डब्यात जाऊ शकतो आणि प्रत्येक ठिकाणी त्याचे आयुष्य निराळे असते. तळावरच्या त्या एका शब्दात यातले काहीच येत नाही.

२०१८ची राज्यातील प्लास्टिकबंदी आणि १ जुलै २०२२ पासूनची केंद्राची एकल वापराच्या वस्तूंवरील बंदी यांनंतर अशा वस्तू घरोघरी येऊ लागल्या आहेत. जेजुरीला प्राज इंडस्ट्रीजचा पीएलएचा प्रात्यक्षिक प्रकल्प ऑक्टोबर २०२४ मध्ये सुरू झाला. उसाच्या साखरेपासून लॅक्टिक आम्ल करता येत असल्याने आपल्या राज्याने यात पुढे असावे, असे मलाही वाटते. पण नव्या पदार्थाची ताकद आणि लवचीकता मोजली जाते, तितक्याच काटेकोरपणे तो आपल्या काळ्या मातीत, खाडीच्या पाण्यात आणि घरच्या खताच्या डब्यात किती दिवस टिकतो, हेही मोजले जावे. वेष्टनावर ‘फक्त मोठ्या खत प्रकल्पात, सुमारे ६० अंशांना’ असे स्पष्ट मराठीत छापणे सक्तीचे करावे. कचरावेचक महिलांचाही विचार व्हावा. हा पेला पेटसारखाच दिसतो. चुकून पेटच्या पोत्यात गेला, तर पुनर्वापराच्या यंत्रात आधीच वितळून माल बिघडवतो आणि भाव त्या महिलांचा पडतो.

तोवर महापालिकेने निदान एवढे जाहीर करावे, की असे पेले आणि पिशव्या ओल्या कचऱ्यात द्यायच्या की सुक्या. माझे दोन्ही पेले धुऊन खिडकीत ठेवलेले आहेत. घंटागाडीवरच्या ताईंना विचारले, तर त्यांनाही ते कोणी सांगितलेले नव्हते.

आपली,
एक निवृत्त रसायनशास्त्र शिक्षिका, पुणे