पाकिटावर काजूची बी कुठली ते लिहा

संपादक महोदय,
रविवारच्या पुरवणीतला वेंगुर्ल्याच्या बाजारावरचा लेख आवडला, मासळीबाजार, सुक्या बांगड्याचा वास, काजूची दुकानं सगळं आलंय, पण ‘काजू कुठूनही घ्या, सगळा इथलाच’ हे वाक्य काही पटलं नाही. भारतातले कारखाने आयव्हरी कोस्ट, बेनिन, टांझानियातून भरपूर काजूबी मागवतात, कारण इथली बी वर्षभर पुरतच नाही. त्यात चूक काही नाही, आमच्याकडच्या कितीतरी बायकांचं घर काजू फोडण्या-सोलण्यावर चालतं, बी कुठलीही असो, चिकाने हात त्यांचेच सोलतात. पण पाकिटावर नुसतं ‘वेंगुर्ला काजू’ छापलं की गिऱ्हाईकाला काय कळणार? या नावाला जीआय, म्हणजे इथल्याच मालासाठी राखलेलं भौगोलिक मानांकन आहे, वेंगुर्ला-४ आणि वेंगुर्ला-७ या जाती इथल्याच फळ संशोधन केंद्रातल्या, मार्च ते मे बागेत राबणाऱ्या शेतकऱ्याला त्या नावाचा भाव मिळायलाच हवा ना! म्हणून बी कुठल्या मुलखातली आणि कधीच्या हंगामातली हे पाकिटावर ठळक मराठीत लिहिणं सक्तीचं करा, आणि पर्यटकांनीही दुकानात तेवढं विचारूनच घ्यावं.

– एक वाचक, वेंगुर्ले